समाजमाध्यमांमुळे धंदा वाढतो, हे आपल्याला कसं कळलं?

विद्यापीठाच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही असाल, तर महिन्याला एक तरी गुगल फॉर्म तुमच्यापर्यंत येत असणार. "नमस्कार, मी वाणिज्य शाखेत पीएच.डी. करत आहे. कृपया दोन मिनिटं काढून हा फॉर्म भरा आणि आपल्या ओळखीच्या उद्योजकांना पाठवा." विषयही बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. लघुउद्योगांच्या वाढीत समाजमाध्यमांची भूमिका, अमुक तालुक्याच्या विशेष संदर्भात. फॉर्म उघडला की पहिला प्रश्न नावाचा, दुसरा वयाचा आणि तिसरा किंवा चौथा हा: "आपण समाजमाध्यमं वापरता का?"

आता बघा, फॉर्म आला व्हॉट्सॲपवरून. ज्याने उघडला, त्याने व्हॉट्सॲपवरच उघडला. उत्तर 'हो' येणार नाही तर काय येणार? पण पुढे प्रबंधात हेच "जवळजवळ सर्व उद्योजक समाजमाध्यमांचा वापर करतात असे आढळून आले" अशा गंभीर भाषेत येतं आणि त्याखाली एक रंगीत पाय चार्ट असतो.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी. वाणिज्य किंवा व्यवस्थापन हा माझा प्रांत नाही. मग यावर का लिहितोय? एक कारण म्हणजे हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पेटची तयारी करताहेत आणि विषय शोधताहेत. त्यातल्या दोघातिघांनी मला याच विषयाचे आराखडे "जरा स्टॅटिस्टिक्स बघून दे" म्हणून पाठवले. दुसरं कारण म्हणजे याच बाबतीत मी स्वतः एकदा चांगला तोंडावर पडलोय. ते आधी सांगतो, कारण या लेखाचा सगळा मुद्दा त्यात आहे.

मावशीची वही

नाशिकला माझी मावशी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. वर्षभर भाजणी, मेतकूट, पापड आणि दिवाळीला चकली, करंजी, अनारसे. घरात पीएच.डी. करणारा मी एकटाच, त्यामुळे सल्ले द्यायचा हक्क आपोआपच माझ्याकडे. दिवाळीच्या तीन आठवडे आधी मी तिच्या फेसबुक पानावरची एक पोस्ट पैसे भरून 'बूस्ट' केली. तीन हजार रुपये गेले, तिचेच. आठवड्याला वीसच्या आसपास असणाऱ्या ऑर्डरी साठाच्या वर गेल्या. मी खूश. मावशीला फोन करून सांगितलं, "बघ, जाहिरातीचा परिणाम."

मावशी काही बोलली नाही. पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा तिने मागच्या वर्षीची वही पुढ्यात टाकली. त्या वर्षी जाहिरात नव्हती, बूस्ट नव्हता, मी तर नव्हतोच. तरी त्याच तीन आठवड्यांत ऑर्डरी अठरावरून सत्तावन्नवर गेल्या होत्या. "अरे, दिवाळीत ऑर्डरी दरवर्षीच वाढतात," ती म्हणाली. "तुझ्या तीन हजारांत मला दोन डबे तूप आलं असतं."

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात टायट्रेशन करताना सर ओरडायचे, "ब्लँक कुठाय?" नमुना न घालता तोच प्रयोग करायचा, त्याचं रीडिंग घ्यायचं आणि ते वजा करायचं. ब्लँक घेतला नाही तर ब्युरेटमधून खाली आलेलं द्रावण नमुन्यामुळे आलं की नुसत्या अभिकारकांमुळे, हे कळत नाही. मी रोज प्रयोगशाळेत ब्लँक घेतो आणि घरच्या धंद्याच्या बाबतीत विसरलो. मावशीची जुनी वही हा तिचा ब्लँक होता. अगदी शुद्ध नव्हे, कारण दोन वर्षं कधी सारखी नसतात, पण माझ्याकडे तेवढाही नव्हता.

कुठलाही 'परिणाम' मोजताना विचारायचा प्रश्न एकच: हे केलं नसतं तर काय झालं असतं? आपल्याकडच्या या विषयावरच्या ज्या प्रबंधांची आणि आराखड्यांची मी पानं चाळली, त्यांत हा प्रश्न मला जवळपास दिसलाच नाही. माझी टीका एवढीच आहे, पण ती साधी नाही.

चूक नेमकी कुठे होते

एकेक टप्पा घेऊ.

पहिला टप्पा नमुन्याचा. तालुक्यातले 100 उद्योजक 'सोयीनुसार' निवडले जातात. निवड कशी? जे सापडले ते. कोण सापडतात? ज्यांचं पान चालू आहे, जे मेसेजला उत्तर देतात, ज्यांचा धंदा आज सुरू आहे. ज्याने दोन वर्षं इन्स्टाग्रामवर रोज फोटो टाकले आणि शेवटी गाळा सोडला, त्याला फॉर्म जातच नाही. म्हणजे नापास झालेल्यांना वगळून आपण निकालाची टक्केवारी काढतो.

दुसरा टप्पा प्रश्नाचा. "समाजमाध्यमांमुळे आपला व्यवसाय वाढला असे आपणास वाटते का?" पूर्णपणे सहमतपासून पूर्णपणे असहमतपर्यंत पाच पर्याय. या प्रश्नाने मोजलं जातं ते उद्योजकाचं मत. मत मोजण्यात गैर काहीच नाही, मतावर उत्तम संशोधन होतं. पण प्रबंधाच्या शीर्षकात 'परिणाम' लिहायचं आणि आत मत मोजायचं, ही फसगत आहे. त्या दिवाळीत हा फॉर्म माझ्याकडे आला असता तर मीही 'पूर्णपणे सहमत'वरच टिक केली असती. मनापासून केली असती आणि ती चुकीची असती.

तिसरा टप्पा दिशेचा. समजा, तुम्ही मत सोडून खरी उलाढाल विचारली आणि दिसलं की समाजमाध्यमं जास्त वापरणाऱ्यांची उलाढाल जास्त आहे. आता काय? ज्याचा धंदा बरा चालतो, त्याला फोटो काढायला एक पोरगा ठेवणं परवडतं. म्हणजे बाण उलटाही असू शकतो. किंवा दोन्हींच्या मागे तिसरंच काही असेल. मालकाचं वय, शिक्षण, दुकानाची जागा, मालाचा प्रकार. केकचा फोटो इन्स्टाग्रामवर छान दिसतो, पाइपच्या फिटिंगचा दिसत नाही. मग फरक समाजमाध्यमाचा की केकचा?

चौथा टप्पा आकडेमोडीचा. इथे काय-वर्ग चाचणी येते, क्रोनबॅक अल्फा येतो, एसपीएसएसचे तक्ते येतात, पी-मूल्य 0.05 पेक्षा कमी येतं आणि शून्य गृहीतक नाकारलं जातं. माझ्याकडे आलेल्या आराखड्यांतला हाच भाग सगळ्यात नीटनेटका होता. पण क्रोनबॅक अल्फा सांगतो की तुमचे प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत. ते खरं काही मोजताहेत की नाही, हे तो सांगत नाही. ब्लँक न घेता घेतलेली दहा रीडिंग्ज एकमेकांशी छान जुळतात. सगळी सारखीच चुकलेली असतात.

हे नीट मोजलं की काय होतं?

तुम्ही म्हणाल, टीका सोपी आहे. हे मोजायचं तरी कसं? चांगली गोष्ट अशी की काही जणांनी मोजलंय आणि त्यांचे निकाल सगळ्यांनी वाचण्यासारखे आहेत.

पहिलं उदाहरण समाजमाध्यमाचं नाही, गुगलसारख्या शोधयंत्रावरच्या जाहिरातींचं आहे, पण पद्धत समजायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ईबे या कंपनीत थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये एक धाडस केलं. त्यांनी जाहिराती बंद केल्या. आधी याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर 'ईबे' हा शब्द शोधणाऱ्यांना दिसणारी जाहिरात थांबवली. जाहिरातीतून येणारी वर्दळ गेली, पण तिच्यातली 99.5 टक्के खालच्या फुकटच्या दुव्यावरून परत आली. साहजिक आहे. ज्याने 'ईबे' टाइप केलं, तो ईबेवर जायलाच निघाला होता.

मग त्यांनी बाकीच्या शब्दांवरच्या जाहिराती अमेरिकेतल्या सुमारे 30 टक्के भागांत बंद केल्या. भाग यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले. दोनेक महिने चाललेल्या या प्रयोगात विक्रीत मोजता येण्यासारखा फरक पडला नाही. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे खर्च आणि विक्रीचा संबंध बघून हिशेब केला, तर नफ्याचा दर 1600 टक्क्यांच्या वर दिसत होता. प्रयोगाने तोच आकडा उणे 63 टक्के काढला. पहिला आकडा खोटारडेपणातून आलेला नव्हता. सरळ, प्रामाणिक सहसंबंधातून आला होता. 2015 मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त छापून आलेला हा निबंध तुम्ही कुठल्याही शाखेचे असा, एकदा वाचाच.

दुसरं उदाहरण थेट फेसबुकवरचं. ब्रेट गॉर्डन आणि फ्लोरियन झेटलमेयर या प्राध्यापकांनी फेसबुकच्या दोन संशोधकांबरोबर 15 जाहिरात-प्रयोग तपासले आणि 2019 मध्ये 'मार्केटिंग सायन्स'मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येक प्रयोगात काही लोकांना जाहिरात दाखवण्याची मुभा होती आणि काहींना मुद्दाम अजिबात दाखवली नव्हती. त्यामुळे खरा परिणाम माहीत होता. मग त्यांनी एक गंमत केली. नियंत्रण गट नव्हताच असं समजून, फक्त 'जाहिरात पाहिलेले' आणि 'न पाहिलेले' यांची तुलना केली आणि वय, लिंग, वापराची सवय वगैरे सगळे फरक जुळवून घेणाऱ्या भारी संख्याशास्त्रीय पद्धती लावल्या. तरीही निम्म्या प्रयोगांत उत्तर खऱ्यापेक्षा तिपटीने चुकलं. त्यांच्याकडे लाखो वापरकर्त्यांची बारीकसारीक माहिती होती. आपल्याकडे 100 फॉर्म असतात.

असं का होतं? जाहिरात 'दिसणं' हीच मुळी यादृच्छिक गोष्ट नाही. जो त्या दिवशी ऑनलाइन जास्त असतो, त्याला जाहिरातही जास्त दिसते आणि तो खरेदीही जास्त करतो. याहूच्या संशोधकांनी 2011 मध्ये ही अडचण दाखवून दिली होती. शिवाय जाहिरातीची यंत्रणा मुद्दाम अशीच माणसं शोधते, जी क्लिक करण्याची शक्यता आहे. म्हणजे जे तसेही घेणार होते, त्यांनाच ती आधी गाठते आणि श्रेय स्वतःकडे घेते.

आणि 'लाइक'? लेस्ली जॉन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये या प्रश्नावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. साध्या रचनेत सांगायचं तर, निम्म्या लोकांना एका ब्रँडचं पान लाइक करायला सांगितलं, निम्म्यांना नाही. नंतर दोघांचं वागणं बघितलं. नुसत्या लाइकने वागण्यात फरक पडला नाही. लाइक करणारे जास्त खरेदी करतात हे खरं, पण ते मुळात ब्रँडवर प्रेम असलेलेच असतात. त्याच वर्षी डॅनियल मोचॉन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका आरोग्य-योजनेवरचा प्रयोग मांडला. तिथे लाइक केलेल्यांच्या वागण्यावर परिणाम दिसला, पण तो कंपनीने पैसे भरून त्यांच्यापर्यंत पोस्ट पोचवल्या तेव्हा. म्हणजे दोन अभ्यासांत नुसता विरोध नाही. दोन्ही मिळून 'कशामुळे' हे जास्त नेमकं सांगतात. असं वाचायला शिका. "काही अभ्यासकांच्या मते होय, काहींच्या मते नाही" असं लिहून साहित्याचा आढावा संपवू नका.

मग समाजमाध्यमं निरुपयोगी आहेत का?

असं मी म्हणत नाहीये, आणि वरचे अभ्यासही म्हणत नाहीत. ईबेच्याच प्रयोगात नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला होता. पैसे वाया गेले ते नेहमीच्या गिऱ्हाइकांना जाहिरात दाखवण्यात. आता आपल्या तालुक्यातला नवा लघुउद्योग बघा. त्याचं नावच कुणाला माहीत नाही, म्हणजे त्याच्यासाठी जवळपास प्रत्येक ग्राहक नवा. तिथे जाहिरात कदाचित ईबेपेक्षा खूप जास्त उपयोगी ठरेल. किंवा नाही ठरणार. हाच तर खरा, करण्यासारखा प्रश्न आहे! अमेरिकेतल्या अवाढव्य कंपनीचं उत्तर उचलून इथे चिकटवणं ही तेवढीच मोठी चूक.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण 'जोडणं' आणि 'जाहिरात करणं' या दोन गोष्टी एकाच प्रश्नात कोंबतो. फजितीनंतर मावशीने वहीत एक नवा रकाना केला: 'कोणाकडून'. त्यात जाहिरातीचं नाव क्वचितच आलं. "शेजारच्या वहिनींनी सांगितलं", "क्लासमधल्या एका आईने नंबर दिला", असंच जास्त. पण त्या ऑर्डरी आल्या कशावर? व्हॉट्सॲपवर. पत्ता, वजन, तिखट कमी, पैसे पाठवल्याचा फोटो, सगळं तिथेच. गिऱ्हाईक माणसाने आणलं आणि व्यवहार व्हॉट्सॲपने सोपा केला. ग्राहक आणणं वेगळं, आलेल्या ग्राहकाशी जोडलेलं राहणं वेगळं. तुमच्या प्रश्नावलीत दोन्हींना एकच 'समाजमाध्यमांचा वापर' हा चल असेल, तर उत्तर काहीही आलं तरी त्याचा अर्थ लागणार नाही.

जोडण्याचा परिणाम नीट मोजल्याचं आपल्याच देशातलं एक सुंदर उदाहरण आहे, समाजमाध्यमांच्या आधीच्या काळातलं. केरळच्या उत्तर भागात 1997 ते 2001 या काळात मोबाइलचे टॉवर टप्प्याटप्प्याने आले. कासरगोड, कन्नूर आणि कोळिकोड या भागांत वेगवेगळ्या वेळी. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने 15 किनारी बाजारांतल्या तारलीच्या मच्छीमारांची दर आठवड्याची माहिती वापरली. आधी एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासे टाकून द्यावे लागत आणि जवळच्याच दुसऱ्या बाजारात मासे कमी पडत. फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारून कुठे उतरायचं ते ठरवू लागले. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला, ग्राहकाला भाव 4 टक्क्यांनी कमी पडला आणि मासे टाकून देणं जवळपास थांबलं. यावर विश्वास का ठेवायचा? कारण जिथे टॉवर अजून आला नव्हता, तो किनारा त्याच आठवड्यांचा ब्लँक होता. "मोबाइलमुळे फायदा झाला असे आपणास वाटते का?" हे विचारायची जेन्सनला गरजच पडली नाही.

"आम्ही प्रयोग कुठून करणार?"

हा प्रश्न रास्त आहे. आधी अडचण किती मोठी आहे ते बघू. समजा, मावशीच्या आठवड्याला सरासरी 20 ऑर्डरी येतात आणि प्रमाण विचलन 6 आहे. जाहिरातीने आठवड्याला 2 ऑर्डरी वाढतात का, हे तपासायचंय. नाणं उडवून काही आठवडे जाहिरात चालू ठेवायची, काही आठवडे बंद. किती आठवडे लागतील? ढोबळ सूत्र असं: 16 गुणिले प्रमाण विचलनाचा वर्ग, भागिले अपेक्षित फरकाचा वर्ग. म्हणजे 16 गुणिले 36, भागिले 4. उत्तर 144. प्रत्येक बाजूला 144 आठवडे, एकूण 288. साडेपाच वर्षं! पीएच.डी. संपेल, मावशी निवृत्त होईल.

हे रडगाणं फक्त आपलं नाही. रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचे 25 जाहिरात-प्रयोग तपासले. एकूण खर्च 28 लाख डॉलर, बहुतेक प्रयोग लाखो ग्राहकांपर्यंत पोचलेले. तरीही परताव्याच्या अंदाजातली अनिश्चितता एवढी मोठी होती की मध्यम प्रयोगातही विश्वास-अंतराल 100 टक्के-बिंदूंपेक्षा रुंद होता. म्हणजे भरघोस नफा आणि चक्क तोटा यांत फरक करता येईना. आता सांगा, शंभर फॉर्मवरून काढलेला 'लक्षणीय परिणाम' किती गंभीरपणे घ्यायचा?

पण सूत्रातच वाट आहे. फरक 2 च्या जागी 6 अपेक्षित असेल, तर प्रत्येक बाजूला 16 आठवडे पुरतात. किंवा एका मावशीऐवजी तीस दुकानं घ्या. तीस दुकानदारांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटा आणि क्रम बदलून जाहिरात चालू-बंद करा. प्रत्येकाची रोजची वही हाच तुमचा विदा. हे एका विद्यार्थ्याला दोन वर्षांत जमण्यासारखं आहे. सण आणि हंगाम दोन्ही गटांना सारखेच लागू होतात, त्यामुळे दिवाळी तुम्हाला माझ्यासारखं फसवणार नाही.

प्रयोग जमत नसेल तर घडून गेलेले प्रयोग शोधा. 29 जून 2020 रोजी टिकटॉकसह 59 ॲप्सवर भारतात बंदी आली. एका रात्रीत एक माध्यम गेलं. त्यावर अवलंबून असलेल्या आणि नसलेल्या व्यवसायांची तुलना करता येईल. पण सावध राहा, तो टाळेबंदी उठत असतानाचा काळ होता आणि सगळंच हलत होतं. दुसरं उदाहरण 4 ऑक्टोबर 2021 चं. त्या दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. ऐकायला आयता प्रयोग वाटतो. पण आपल्याकडे ते तास रात्री नऊनंतरचे होते, आणि तेव्हा पितृपक्ष चालू होता, घटस्थापना तीन दिवसांवर. पितृपक्षात खरेदी तशीच मंद. हे तपशील कुठल्याही परदेशी पाठ्यपुस्तकात नसतात. ते तुम्हालाच माहीत असायला हवेत, आणि इथे संशोधन करण्याचा तुमचा खरा अधिकार त्यातून येतो.

आणखी एक सावधगिरी. विदा म्हणून कंपन्यांच्या डॅशबोर्डवरचे आकडे उचलू नका. 2016 मध्ये फेसबुकने स्वतः मान्य केलं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ त्यांनी फुगवून दाखवला होता, कारण तीन सेकंदांपेक्षा कमी पाहणाऱ्यांना भाजकात धरलंच नव्हतं. फुगवटा 60 ते 80 टक्क्यांपर्यंतचा असू शकतो, असं त्या वेळी सांगितलं गेलं. ज्याचं दुकान त्याच्याच तराजूवर मोजलेलं वजन आपण संशोधनात कसं वापरायचं? दुकानदाराची ऑर्डरवही जास्त खरी.

आराखड्यात काय बदलाल?

ज्या मैत्रिणीचा आराखडा मी पाहिला, तिला शेवटी मी तीनच गोष्टी सुचवल्या. शीर्षकातला 'भूमिका' हा मोघम शब्द काढ आणि काय मोजणार ते लिही: नवे ग्राहक, की जुन्यांच्या पुन्हा येणाऱ्या ऑर्डरी. दुसरं, प्रत्येक गृहीतकाखाली एक ओळ लिही, "हे नसतं तर काय झालं असतं, हे मला अमुक गटावरून कळेल." ती ओळ लिहिता आली नाही, तर ते गृहीतक अजून तयार नाही. तिसरं, फक्त मत मोजणार असशील तर तसं स्पष्ट म्हण. 'उद्योजकांच्या धारणा' हाही चांगला विषय आहे, पण मग निष्कर्षात 'वाढ झाली' लिहू नकोस.

ती म्हणाली, "पण गाईड म्हणतात, नमुना 384 घे म्हणजे झालं." हा आकडा तुम्हीही ऐकला असेल. मोठ्या लोकसंख्येतलं एखादं प्रमाण 5 टक्के चुकीच्या मर्यादेत, 95 टक्के विश्वासाने काढायला तो पुरतो, तेही नमुना यादृच्छिक असेल तर. कार्यकारणभावाशी त्याचा काही संबंध नाही. चुकीच्या पद्धतीने निवडलेले 384 हे चुकीच्या पद्धतीने निवडलेल्या 100 पेक्षा बरे नसतात, फक्त जास्त आत्मविश्वासाने चुकतात. गाईडना हे उलट उत्तरासारखं सांगू नका, प्रश्न म्हणून विचारा. "सर, तुलना कोणाशी करायची?" बहुतेक सर थांबून विचार करतात.

यात दाव्यावर लागलंय काय, तेही सांगतो. पदवी तुम्हाला दोन्ही प्रकारे मिळेल कदाचित. पण "समाजमाध्यमांमुळे व्यवसाय वाढतो असे संशोधनाने सिद्ध झाले आहे" हे वाक्य प्रबंधात झोपून राहत नाही. ते उद्योजकता शिबिरात स्लाइडवर येतं, बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणून दाखवतं आणि मग कुणीतरी आपल्या तुपाचे तीन हजार बूस्टवर घालतं. ते कदाचित उपयोगी पडतील, कदाचित नाही. तिला ते सांगणं हे आपलं काम होतं, आणि आपण तिला तिचंच मत पाय चार्ट करून परत दिलं.

मावशी अजूनही वहीत तो रकाना भरते. यंदा दिवाळीआधी पुन्हा जाहिरात करायची का, असं तिनेच विचारलं. मी म्हटलं, करू, पण या वेळी नाणं उडवून, एक आठवडा चालू, एक बंद, आणि हिशेब तू ठेवायचा. ती हसून म्हणाली, "म्हणजे या वेळी प्रयोग माझा आणि पैसे तुझे." अटी मान्य केल्या आहेत.